काट्यावर चढलेली बाराखडी

धुळ्यात पंपाच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे. त्या दुकानाच्या भिंतीवर, गल्ल्याच्या मागे, मला माझ्या बापाच्या छापखान्यातली वरची केस लटकलेली दिसली. तिच्या खणाखणात नट, बोल्ट आणि वायसर भरलेले होते. माझ्या अंगाचा असा भडका उडाला की दुकानातला बंद पंखा नुसत्या वाफेवर गरागरा फिरायला लागला. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. अजून फिरतोय.

दुकान माझ्या चुलतभावाचं, संजूचं. दुकानामागे घर, घरात खाटेवर माझे काका, नाना. नाना आता उठत नाहीत, म्हणून मी त्यांना बघायला यावलहून दोन गाड्या बदलून गेले होते. संजू म्हणाला, नाना झोपलेत, जरा बस, चहा घे. म्हणून मी स्टुलावर बसले आणि मान वर केली. ती मान वर केली नसती तर माझा दिवस बरा गेला असता.

केस म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही, त्यांच्यावरही मी आज चिडलेलीच आहे, पण सांगते. छापखान्यात शिशाचे खिळे असायचे. एका खिळ्याच्या टोकाला एक अक्षर, आरशात पाहावं तसं उलटं. हे खिळे ज्यात राहायचे तो लाकडी, उथळ, लांबरुंद ट्रे म्हणजे केस. आत लहानमोठे खण, प्रत्येक खण एकेका अक्षराचं घर. इंग्रजीचा संसार दोन केसांत उरकतो. मराठीला चार लागतात. समोर उतरत्या घोडीवर, म्हणजे लाकडी स्टँडवर, खालची आणि तिच्या डोक्यावर वरची, डाव्या हाताला डावी, उजव्या हाताला उजवी. अक्षरं जुळवणारा मधोमध उभा. जागा एवढीच की जेवून आलेल्या माणसाला पोट आत ओढून शिरावं लागे.

जुळवणारा म्हणते खरी, पण आमच्या जळगावच्या छापखान्यात जुळवणारी मी होते. ऐंशीचं दशक होतं, मी कॉलेज सोडलेलं, आबांच्या, म्हणजे वडिलांच्या डोळ्यांना बारीक खिळे दिसेनासे झालेले. माझा हात कसा होता म्हणाल, तर गिऱ्हाईक लग्नपत्रिकेचा मजकूर सांगून चहा मागवायचं आणि चहा येईपर्यंत इकडे पत्रिका छापून, वाटून, लग्न लागून पहिलं पोरगं पाटी-पेन्सिल मागायला लागलेलं असायचं. थोडं कमी-जास्त झालं असेल. चहावाला हळू होता.

भिंतीवरची केस आमचीच, हे मी कशावरून म्हणते? तिच्या खालच्या कडेला मधोमध एक गुळगुळीत खळगा आहे. सागाच्या लाकडाला तो माझ्या मनगटानं पाडलाय. वरच्या घरांतली अक्षरं घ्यायला हात लांबवला की मनगट तिथं घासायचं. तिथं आता संजूनं एक खिळा ठोकून बिलांची पिन अडकवली आहे.

खणांची मांडणी हा आबांचा अभिमान होता. ते सांगायचे, मूळ मांडणी मुंबईकडून आली. जी अक्षरं सारखी लागतात ती पोटासमोर, मोठ्या खणात. जी क्वचित लागतात ती कोपऱ्यात, लहान खणात. अमळनेरला आबा ज्यांच्या हाताखाली शिकले त्या उस्तादांनी तीच मांडणी त्यांना शिकवली. पण मुंबईच्या मांडणीत ळ होता दूर, कडेच्या खणात. आबा म्हणायचे, ज्यानं ही मांडणी केली त्यानं खानदेश पाहिला नसणार. जळगाव, धुळे, अमळनेर, भुसावळ, चाळीसगाव, पारोळा; आमचा सगळा मुलूख ळ वर उभा आहे. वर केळी. केळीच्या पावत्या, केळीच्या गाड्यांचे कागद, केळीच्या पैशांतून निघणाऱ्या लग्नांच्या पत्रिका. ळ घेता घेता माणसाचा उजवा हात डाव्यापेक्षा वीतभर लांब होत असे. मग आबांनी एका दुपारी ळ उचलला आणि खालच्या केसेत मधोमध, काना आणि र यांच्या शेजारी, सगळ्यात मोठ्या खणात आणून बसवला. जिल्ह्याला त्याचं सिंहासन मिळालं.

तेव्हापासून आमच्या केसांवर दुसऱ्याचा हात चालेना. एकदा नाशिककडचा एक जुळारी रोजावर आला होता. मोठा वाकबगार, न बघता जुळवणारा. त्यानं न बघताच एका प्रतिष्ठित घरच्या मुंजीची पत्रिका जुळवली. प्रूफ काढलं तर मुंजमुलापासून मामांपर्यंत सगळ्या घराण्याचं नाव ळळळळ. आबा हसता हसता ट्रेडलच्या, म्हणजे पायानं चालवायच्या छापयंत्राच्या, चाकावर पडले असते.

त्या खोलीचा वास मी अजून पुढं काढून दाखवू शकते. खिळे धुवायचं घासलेट, शाई, ओला कागद, आणि पत्रिकेच्या कोपऱ्यांना लावायची हळद. उन्हाळ्यात पत्रा तापला की खिळे असे तापायचे की बोटांच्या टोकांवर अक्षरं भाजून उमटायची. मी रात्री आईला जेवताना हात दाखवला की तिला माझ्या बोटांवर उद्याच्या लग्नाचा मुहूर्त वाचता यायचा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत गल्लीतल्या सासुरवाशिणी माहेरी यायच्या. कडुनिंबाला झोका बांधला जायचा, गाणी सुरू व्हायची. मी चार केसांच्या मध्ये उभी, हातात जुळणीची पट्टी, आणि गाण्याच्या तालावर खिळे पट्टीत पडताहेत, टिक टिक टिक. बाहेरून मैत्रिणी हाका मारायच्या, ये गं झोक्यावर. मी म्हणायचे, येते. गेले नाही कधी. मला तिथंच झोका होता. डावीकडे वळलं की डावी केस, उजवीकडे वळलं की उजवी, कमरेतून झुलत राहायचं. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून सांगितलं नाही.

खांडेनवमीला केसांची पूजा असायची. चारी घोडीवरून उतरवून, पुसून, एका ओळीत पाटांवर मांडायच्या, झेंडूची फुलं वाहायची. त्या दिवशी कुणी खिळ्याला हात लावायचा नाही. नाना, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, यंत्र बघायचे. ट्रेडलला नारळ तेच फोडायचे आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवायचे. हेही सांगायला हवं. रागात माणूस खोबरं विसरतो.

आणि आबांचा एक नियम होता. छापून झालं की मजकूर सोडायचा, म्हणजे खिळे आपापल्या घरी परत टाकायचे. नाहीतर उद्याच्या कामाला अक्षरं कुठली? पण लग्नपत्रिकेचं तसं नाही. नवरा-नवरीच्या नावांच्या ओळी दोऱ्यानं घट्ट बांधून फळीवर ठेवायच्या आणि अक्षता पडल्याचं कळल्यावरच दोरा सोडायचा. लग्नसराईत फळीवर जोडपीच जोडपी बांधलेली उभी असत. अक्षरं कमी पडायची, मी चिडायचे, एखादी ओळ सोडू का विचारायचे. आबा म्हणायचे, अक्षता पडू दे. उत्तरकार्याचं पत्र मात्र छापल्याबरोबर सोडायचं. मेलेल्या माणसाला अडकवून ठेवायचं नाही.

पुढं आबा आणि नानांचं बिनसलं. कशावरून, ते मी सांगणार नाही. मला ते नीट माहीत नाही, आणि ज्यांना माहीत होतं ते इतकं क्षुल्लक सांगायचे की त्यावर विश्वास ठेवला तर दोघांचाही मान जातो. दोघं एका ताटात जेवणारे भाऊ एकमेकांकडे पाठ करून जेवायला लागले. नाना म्हणाले, मी धुळ्याला जातो, माझा वाटा द्या. गावाकडून पंच आले. पंचांमध्ये मुख्य आप्पा. कापसाचे व्यापारी, देह असा की ते बैठकीवर बसले की बैठक भिंतीपर्यंत सरकायची. आयुष्यभर त्यांनी फक्त तोललं होतं. कापूस तोलला, सरकी तोलली, माणसं तोलली. येताना मेटॅडोरमध्ये आपला मोठा काटा घेऊन आले, साखळ्यांची पारडी असलेला.

यंत्राचं ठरलं, कागदाचं ठरलं, खुर्च्या-टेबलांचंही ठरलं. मग आप्पांनी केसांकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? शिसं, असं कुणीतरी म्हणालं. शिसं म्हटल्यावर आप्पांचा चेहरा उजळला. शिसं म्हणजे वजन, वजन म्हणजे काटा, काटा म्हणजे न्याय. चार केसा आहेत, दोन दोन वाटा, वजनात बरोबर झालं की झालं.

मला आधी हसू आलं. मला वाटलं, आता आबा बोलतील. कापसाच्या गाठी तोलणाऱ्या काट्यावर बाराखडी चढवायला निघालेल्या माणसाला ते समजावून सांगतील की चारी मिळून एक भाषा होते, दोन दोन मिळून काहीच होत नाही. आबा भिंतीला टेकून उभे होते. नाना दारात, नजर उंबऱ्यावर. काट्याची साखळी वाजली. खालची सगळ्यात जड, डावी सगळ्यात हलकी. त्या एका पारड्यात. वरची आणि उजवी दुसऱ्या पारड्यात, ते नानांचं.

तेव्हा मी बोलले. बाई माणसानं पंचांत बोलायचं नसतं, हे मला माहीत होतं, आणि माझं लग्न आठ-दहा दिवसांवर आलेलं, हेही. तरी पुढं होऊन म्हटलं, "आप्पा, चारी एकत्र राहू द्या. आमच्याकडे राहू द्या नाहीतर धुळ्याला जाऊ द्या, पण चारी एकत्र. नाना, तुम्हाला हव्या तर तुम्ही घ्या चारी."

हे मी म्हटलं. माझ्या हातातून माझी जागा काढून नानांपुढं ठेवली, की निदान ती जागा जगात कुठंतरी राहू दे. नानांनी मान वर केली नाही. आप्पा माझ्याकडे न बघता आबांना म्हणाले, "भाऊ, पोर ते चालनी सासरले. तिले काय करनं शे?"

हसले सगळे. मुलगी सासरी निघालीय, तिला काय करायचंय. बरोबरच होतं म्हणा.

पारडी जवळजवळ सारखी झाली होती, पण नानांच्या बाजूचं किंचित वर. आप्पांनी पासंगाला काहीतरी आणा म्हटलं. कुणाच्या तरी हाताला फळीवरचं दोऱ्यानं बांधलेलं एक लहानसं गाठोडं लागलं, ते त्यानं नानांच्या पारड्यात टाकलं. काटा सरळ झाला. ते माझं नाव होतं. चि. सौ. कां. आणि पुढं मी, आणि दुसऱ्या ओळीत यावलचा तो मुलगा, ज्याला मी एकदाच चहाच्या ट्रेवरून पाहिलं होतं. अक्षता पडायच्या होत्या.

"वजन बरोबर शे ना, भाऊ?" आप्पांनी विचारलं.

आबांनी काट्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "बरोबर शे," म्हणाले.

मी खूप रागावू शकते. मी एकदा रागावले तेव्हा वाघूर नदीला उन्हाळ्यात पूर आला होता. पण त्या दोन शब्दांवर मी जी रागावले, त्यापुढं बाकीचं सगळं आयुष्य म्हणजे लाडिक रुसवाच. ज्या माणसानं एका अक्षरासाठी मुंबईची मांडणी मोडली, तो चार माणसांसमोर आपल्या धाकट्या भावाला 'राहू दे' म्हणू शकला नाही. मान आड आला. कसला मान? गावात तीन माणसं ओळखायची आम्हाला, त्यांतले दोघं उधारीसाठी.

माझ्या नावाचा दोरा नानांनी धुळ्याला पोचल्यावर सोडला म्हणे, लगेच. आई हे ऐकून देवापुढं बसली. माझं लग्न मात्र व्यवस्थित लागलं. नवरा चांगला निघाला, नको इतका चांगला. आबांचा नियम त्यानं थोतांड ठरवला, म्हणून माझा त्याच्यावरही जरा राग आहे. त्याला ठाऊक आहे.

आता गंमत ऐका. जळगावला आबांकडे राहिली पूर्ण अक्षरं, काना आणि उकार. वेलांटी नाही, मात्रा नाही, अनुस्वार नाही, अर्धं अक्षर नाही. आबांना काका छापता यायचे, मामा छापता यायचे, कापूस यायचा, जळगाव यायचं. लग्न यायचं नाही. केळी यायची नाहीत. ज्या केळीसाठी ळ ला सिंहासन दिलं, तो सिंहासनावर बसून राहिला आणि शेजारी मात्रा नाही. आणि धुळ्याला नानांकडे अर्धी अक्षरं, वेलांट्या, मात्रा आणि आकडे. म्हणजे नानांच्या छापखान्यात छापता यायचे फक्त आकडे. पहिल्या महिन्यात त्यांनी म्हणे कुणाच्या तरी लॉटरीचे नंबर छापले आणि मग गिऱ्हाईक आलंच नाही. पंच आपापल्या गावी सांगत होते, असा न्याय झाला की गुंजेचा फरक नाही.

नवे खिळे विकत आणता आले असते. दोघांनीही आणले नाहीत. दोघंही आपापल्या अर्ध्या बाराखडीपुढं बसून राहिले, जणू दुसरा येईल आणि उरलेली घेऊन येईल. मी माहेरी आले की आबा खालच्या केसेसमोर उभे दिसायचे. जुळवायला काही नसायचं. खणांतली धूळ फुंकरीनं उडवायचे. वरच्या केसेच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन होता आणि ते कधीमधी त्या चौकोनाकडे हात न्यायचे, सवयीनं, आणि तसाच खाली आणायचे. मी विचारलं होतं, आबा, का नाही बोललात. ते म्हणाले, ऊन फार आहे, सरबत कर. मी सरबत केलं. साखर मुद्दाम घातली नाही. त्यांनी ते पिऊन छान झालंय म्हटलं.

नव्वदच्या दशकात गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटरवर पत्रिका करून देणारा पोरगा बसायला लागला. आबांनी खिळे भंगारात दिले. दोन रिकाम्या केसा ते गेल्यावर मी यावलला नेल्या, माळ्यावर आहेत. जळगावच्या खोलीत आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मी मागच्या वर्षी मुद्दाम आत गेले, वास घेतला. प्लास्टिक. कव्हर घ्यायचंय का, ताई, म्हणून त्या पोरानं विचारलं. त्या बिचाऱ्यालाही मी उगाच चार शब्द ऐकवले.

तर असं सगळं संजूच्या स्टुलावर बसून माझ्या डोक्यात उकळत होतं. चहावर साय आली. तेवढ्यात आतून नाना जागे झाल्याची खोकल्याची खूण आली आणि संजू मला आत घेऊन गेला.

एवढे मोठे नाना खाटेवर एवढेसे उरलेत. एका हातानं ट्रेडलचं चाक थांबवणारा माणूस, त्याच्या मनगटात आता माझी बांगडी सैल बसेल. काकू म्हणाली, जेवूनच जायचं हं, शेवभाजी केलीय, ताट करते. नानांनी मला ओळखलं, भाऊची पोर म्हणाले, हात हातात घेतला. मी ठरवून आले होते की जुनं काढायचं नाही. पण भिंतीवरचे नट-बोल्ट डोळ्यांपुढून जाईनात. मी विचारलं, नाना, ती वरची केस बाहेर दिसली. उजवीपण आहे का?

आहे म्हणाले, कपाटामागे.  डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. म्हाताऱ्यांचे डोळे तसेही ओले असतात, मी त्याला किंमत दिली नाही.

"तुना बाप एक शबद बोलता ना," नाना म्हणाले, "ते चारी तठेच राहू देतू मी. वाट दखत व्हतू."

तुझा बाप एक शब्द बोलला असता तर चारी तिथंच राहू दिल्या असत्या. वाट बघत होते. उंबऱ्याकडे नजर लावून हा माणूस एका शब्दाची वाट बघत होता, आणि भिंतीला टेकून तो दुसरा माणूस कशाची तरी वाट बघत होता, आणि मधोमध काटा झुलत होता. नाना पुढं म्हणाले, कुणीच बोललं नाही, पोरी. कुणी एक शब्द काढला नाही.

माझा आवाज मोठा आहे, सगळे सांगतात. पण त्या वेळी तो मलाही नीट ऐकू आला नाही.

"नाना, मी बोलले होते. पंचांसमोर. चारी एकत्र राहू द्या म्हटलं होतं, तुम्ही घ्या म्हटलं होतं."

नाना माझ्याकडे वळले. खरंच आठवायचा प्रयत्न करत होते. खोटं बोलत असते तर बरं झालं असतं. कपाळाला आठ्या पडल्या, त्या दिवसातला एकेक माणूस त्यांनी मनात उभा केला, आप्पा, काटा, दार, भाऊ. आणि मग अगदी भोळेपणानं विचारलं,

"तू व्हती का तठे?"

मी उठले. काकू ताट घेऊन दारात उभी होती, तिच्या बाजूनं निघाले. दुकानात आले, स्टुलावर चढले आणि वरची केस भिंतीवरून उचलली, मालासकट. किती जड होती ते सांगत नाही. सांगितलं तर म्हणाल ही बाई फुगवून सांगते. संजू ओरडत मागं आला, ताई, माल तरी काढू दे, ताई, अगं गिऱ्हाईकाला काय देऊ. मी रस्त्याला लागले. दर पावलाला वायसर सांडत होते, नट उड्या मारत गटाराकडे पळत होते, रिक्षावाले थांबून बघत होते आणि माझा भाऊ वाकून वाकून एकेक वेचत येत होता. स्टँडपर्यंत केस निम्मी रिकामी झाली. उरलेलं मी जळगावच्या गाडीखाली ओतलं आणि केस मांडीवर आडवी घेऊन खिडकीशी बसले. कंडक्टरनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि सामानाचं तिकीट मागितलं नाही.

उजवी अजून धुळ्यालाच आहे. ती आणायला मला पुन्हा जावं लागणार आहे, आणि तेव्हाही मी त्या घरात जेवणार नाही.